पाच वर्षांची योजना, साठ वर्षांचा साग

मागील अंकात या सदराशेजारी भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या ताज्या अहवालावर एक टिपण छापले होते. डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 2023 या वर्षाच्या त्या अहवालानुसार देशाच्या 25.17 टक्के भूभागावर वनांचे आणि वृक्षांचे मिळून आच्छादन आहे. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख या आकड्यापेक्षा त्यामागील इतिहासाकडे आहे. स्वतंत्र भारताने धरणांची, पोलादाची आणि शेतीची योजना आखली, तशी वनांची आखली होती का, आणि आखली असल्यास तिचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतात. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पुढील उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या अभ्यासक्रमातील पुस्तकांत पंचवार्षिक योजनांवर शंभर पाने आहेत, परंतु वनांविषयी एखादा परिच्छेदही मिळत नाही. सुरुवातीच्या योजनांमध्ये वनांना काही स्थान होते की नाही? (अर्थशास्त्राचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : पुस्तकांना फारसा दोष देता येणार नाही, कारण मूळ योजनांमध्येही वनांच्या वाट्याला जागा आणि पैसा हे दोन्ही बेताचेच आले होते. नियोजन आयोगाची स्थापना मार्च 1950 मध्ये झाली आणि पहिली योजना 1951 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून सहाव्या योजनेपर्यंत वनांवरील खर्च एकूण योजनाखर्चाच्या एक टक्क्याच्या आतच, बहुतेक वेळा अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहिला. सातव्या योजनेत तो कसाबसा एक टक्क्यापर्यंत पोहोचला. याचे एक कारण घटनात्मक होते. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्ये या दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांच्या यादीत) येईपर्यंत हा विषय राज्यांकडे होता, त्यामुळे केंद्राला सल्ला देता येत असे, हुकूम सोडता येत नसे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. ब्रिटिशांनी 1864 मध्ये वनखाते स्थापन केले ते रेल्वेच्या स्लीपरांची आणि जहाजबांधणीच्या लाकडाची सोय लावण्यासाठी, आणि पुढे हे खाते खर्चापेक्षा जास्त उत्पन्न देणारे म्हणून ओळखले जाऊ लागले. दुभत्या गाईला वैरण किती घालायची याचा विचार ती आटू लागल्यावरच होतो. राज्यांच्या अर्थखात्यांचे वनांशी नाते बरेचसे याच प्रकारचे होते.

तथापि योजनांचा वनांवर परिणाम झाला नाही असे यावरून कोणी समजू नये. माझ्या मते वनांचे खरे भवितव्य ‘वने’ या शीर्षकाखालील पानांवर ठरलेच नाही. ते सिंचन, ऊर्जा, उद्योग आणि शेती या प्रकरणांत ठरले. 1951 ते 1980 या काळात सुमारे 43 लाख हेक्टर वनजमीन अन्य कामांसाठी वळवण्यात आली. म्हणजे सरासरीने दरवर्षी दीड लाख हेक्टर जमीन गेली, आणि तिचा सर्वांत मोठा भाग धरणांखाली किंवा खाणींखाली न जाता शेतीखाली गेला. अन्नधान्याची टंचाई आणि भूमिहीनांची संख्या पाहता त्या काळच्या राज्यकर्त्यांना दुसरा मार्ग दिसत नव्हता, हे मान्य करावे लागेल. मात्र या जमिनीची किंमत कोणत्याही योजनेच्या जमाखर्चात मांडली गेली नाही. 1980 मध्ये वन (संवर्धन) अधिनियम आला आणि केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय वनजमीन वळवण्यास मनाई झाली, तेव्हा कुठे हा वेग एकदम खाली आला. तो कायदा योजनेचा भाग नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

उद्योगांच्या बाबतीत वनांना कच्च्या मालाचे कोठार मानले गेले. कर्नाटकात, गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या दांडेली येथील कागद गिरणीला सुरुवातीच्या काळात बांबू टनाला दीड रुपया या दराने मिळत होता, याकडे माधव गाडगीळ यांनी वारंवार लक्ष वेधले आहे. त्याच वेळी टोपल्या आणि सुपे विणणाऱ्या बुरुडाला बाजारात तोच बांबू त्याच्या कित्येक पट दराने विकत घ्यावा लागत असे. ही सवलत औद्योगिक विकासासाठी म्हणून दिली होती. परंतु जो माल फुकटाच्या मोलाने मिळतो तो जपून वापरण्याचे कारण कोणाला उरत नाही, आणि उत्तर कन्नडमधील बांबूच्या बेटांची पुढे जी दशा झाली ती पाहता हा व्यवहार गिरणीच्याही दूरच्या हिताचा ठरला असे म्हणता येत नाही.

प्रश्न : आमच्या भागात वनखाते आणि वन विकास महामंडळ अशी दोन वेगळी जंगले आहेत, असे लोक बोलतात. सरकारचेच जंगल असताना महामंडळ कशासाठी काढले? (चंद्रपूर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : महाराष्ट्र वन विकास महामंडळाची स्थापना 1974 मध्ये झाली असून त्याचे मुख्यालय नागपूर येथे आहे. त्यामागील विचार राष्ट्रीय कृषी आयोगाचा होता. 1970 मध्ये नेमलेल्या या आयोगाने 1976 मध्ये आपला अंतिम अहवाल दिला, परंतु वनांविषयीच्या शिफारशी त्याने अंतरिम अहवालांतून आधीच मांडल्या होत्या. मिश्र वनांची वाढ संथ असते, त्यांतून हेक्टरी मिळणारे विक्रीयोग्य लाकूड कमी असते, म्हणून अशा वनांचा काही भाग तोडून तेथे साग, निलगिरी यांसारख्या उपयुक्त जातींची सलग लागवड करावी, असे आयोगाचे म्हणणे होते. यासाठी लागणारा पैसा अर्थसंकल्पातून मिळण्यासारखा नव्हता. सरकारी खात्याला बँकेकडून कर्ज घेता येत नाही, कंपनीला मात्र घेता येते, या साध्या कारणासाठी राज्याराज्यांत वन विकास महामंडळे निघाली.

व्यापारी हिशेबाने पाहिले तर या प्रयोगाचे फळ अगदीच वाईट नाही. चंद्रपूर, गोंदिया, नाशिक या भागांत सागाची मोठी रोपवने उभी राहिली आणि त्यांच्या विरळणीतून (दाटी कमी करण्यासाठी मधली झाडे काढण्यातून) नियमित उत्पन्न येऊ लागले. परंतु मिश्र वन म्हणजे ‘कमी उत्पादनाचे वन’ ही व्याख्या ज्यांनी केली त्यांनी उत्पादन या शब्दात केवळ इमारती लाकूड धरले होते. मोह, चारोळी, तेंदूपत्ता, हिरडा, डिंक, गवत, कंद आणि जळण यांचा हिशेब त्यात नव्हता, आणि जंगलालगतच्या गोंड किंवा माडिया कुटुंबाचे वर्षातील कित्येक महिने याच वस्तूंवर निघत असत. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तेव्हाच्या बिहारमधील सिंहभूम जिल्ह्यात आदिवासींनी सालवृक्षांच्या जागी साग लावण्यास विरोध केला, तेव्हा ‘साल म्हणजे झारखंड, साग म्हणजे बिहार’ अशी घोषणा दिली गेली. झाडाच्या जातीवरून राजकीय सीमा ओळखली जावी, हे वनशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आलेले नव्हते.

येथे कालावधीचाही मुद्दा आहे. सागाचे चांगले इमारती लाकूड मिळण्यासाठी साठ ते ऐंशी वर्षे थांबावे लागते. वनखात्याची कार्य आयोजना साधारण दहा वर्षांची असते, पंचवार्षिक योजना पाच वर्षांची, अर्थसंकल्प एका वर्षाचा, आणि अधिकाऱ्याची एका जागेवरील नेमणूक बहुधा तीन वर्षांची. पहिल्या योजनेत लावलेला साग परिपक्व होईपर्यंत नियोजन आयोगच बंद झालेला असणार, हे त्या वेळी अर्थातच कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

प्रश्न : 1980 नंतर आमच्या गावात गायरानावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात सगळीकडे निलगिरी आणि सुबाभूळ दिसू लागली. ही योजना कोणाची होती आणि ती फसली असे का म्हणतात? (शेतकरी, लातूर जिल्हा)

उत्तर : सामाजिक वनीकरण हे या योजनेचे नाव. तिचा उगमही वर उल्लेखिलेल्या कृषी आयोगातच आहे, आणि त्यामागील तर्क समजून घेतला तर पुढील घडामोडी आपोआप उलगडतात. सरकारी जंगल उद्योगासाठी राखायचे असेल तर गावकऱ्यांचे जळण आणि चारा दुसरीकडून यायला हवा. म्हणून गायरान, पडीक जमीन, तळ्याचे व रस्त्याचे काठ आणि शेताचे बांध येथे झाडे लावावीत, अशी ही कल्पना होती. सहाव्या योजनेत (1980 ते 1985) तिला मोठी रक्कम मिळाली, जागतिक बँकेसह अनेक परदेशी संस्थांनी निरनिराळ्या राज्यांना पैसा दिला, आणि महाराष्ट्रात 1982 मध्ये सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते सुरू झाले. सुबाभळीचा प्रसार करण्यात मणिभाई देसाई यांच्या उरुळीकांचन येथील बाएफ संस्थेचा मोठा वाटा होता. चाऱ्यासाठी आणि जळणासाठी ती उपयुक्त आहे, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आज ती ओसाड माळावर बेसुमार पसरलेली दिसते तेव्हा शिव्या देणाऱ्यांनी 1970 च्या दशकातील दुष्काळात गुरांना काय घालावे हा प्रश्न किती बिकट होता, तेही आठवावे.

फसले ते असे. योजनेचे दोन भाग होते, शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीवर करायची लागवड आणि गावाच्या सामाईक जमिनीवरील लागवड. उत्तर प्रदेशासारख्या राज्यात पहिल्या भागाने ठरवलेले लक्ष्य कित्येक पटींनी ओलांडले, तर दुसरा भाग लक्ष्याच्या जवळपासही पोहोचला नाही. शेतकऱ्याला झाड आपले आहे हे माहीत होते, म्हणून त्याने ते वाढवले. मात्र जळणाऐवजी बाजारात खपणारी, बल्ल्या आणि कागदाचा लगदा देणारी, गुरे तोंड न लावणारी निलगिरी त्याने निवडली. तिला निगा लागत नाही, मजूर लागत नाहीत, आणि सात-आठ वर्षांत पैसे मिळतात. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात पंजाब, हरयाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात एकदमच इतका माल बाजारात आला की बल्ल्यांचे भाव कोसळले आणि शेतकऱ्यांनी झाडे मुळासकट उपटली. सामाईक जमिनीवरील झाडांचे उत्पन्न कोणाचे, पंचायतीचे, खात्याचे की गुरे चारणाऱ्याचे, हे मात्र अखेरपर्यंत कोणीच स्पष्ट केले नव्हते. राखणदाराचा पगार असेपर्यंत कुंपण टिकले, पगार थांबला आणि शेळ्या आत गेल्या.

असे असले तरी या योजनेला निव्वळ अपयश म्हणणे मला पटत नाही. उद्योगाने आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून घ्यावा आणि सवलतीच्या दराने सरकारी वनातून माल देणे बंद करावे, असे 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणाने ठरवले, आणि ते पुढे बऱ्याच अंशी साध्य झाले. आज भारतातील कागद आणि प्लायवूड उद्योगाचे बहुतांश लाकूड शेतातून येते. वनक्षेत्राच्या वाढीचा हा कदाचित सर्वांत ठोस भाग असून तो वनाबाहेर घडला. 2014 मध्ये केंद्राने स्वतंत्र कृषिवनीकरण धोरण स्वीकारले, ते या वस्तुस्थितीवर उशिरा उमटवलेली मोहोर होती.

प्रश्न : देशाच्या 33 टक्के भूभागावर वने असावीत, असे लहानपणापासून ऐकतो. हा आकडा कोणी आणि कशावरून काढला? (निवृत्त मुख्याध्यापिका, सोलापूर)

उत्तर : हा आकडा 1952 च्या राष्ट्रीय वन धोरणातून आला. एकूण भूमीचा एक तृतीयांश, डोंगराळ भागात 60 टक्के आणि सपाट प्रदेशात 20 टक्के अशी ती विभागणी होती. 1988 च्या धोरणाने एक तृतीयांश हे प्रमाण कायम ठेवून डोंगराळ भागासाठी दोन तृतीयांश केले. एखादे गणित मांडून हा आकडा निघालेला नाही. तो धोरणकर्त्यांचा अंदाज होता, आणि हरयाणाच्या चार टक्क्यांहून कमी वनाच्छादनाला व अरुणाचल प्रदेशाच्या पाऊणशे टक्क्यांहून अधिक वनाच्छादनाला एकाच मापाने मोजण्यात काय अर्थ आहे, हा प्रश्न त्यात अनुत्तरितच आहे. दहाव्या योजनेने 2007 पर्यंत 25 टक्के आणि 2012 पर्यंत 33 टक्के असे कालबद्ध लक्ष्य ठरवले. त्यांपैकी पहिला टप्पा आपण आत्ता कुठे, 2023 च्या मोजणीत ओलांडला आहे.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी डोंगरच्या डोंगर बोडके होताना दिसतात, आणि सरकारी अहवाल मात्र वनक्षेत्र वाढल्याचे सांगतो. या दोहोंपैकी खोटे कोण? (चिपळूण येथील वाचक, याच आशयाची पत्रे सावंतवाडी आणि मुंबईहून आली आहेत.)

उत्तर : दोघांपैकी कोणीच खोटे नाही, आणि तक्रारीचे मूळ नेमके येथेच आहे. वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजणी करते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या तुकड्यावर झाडांच्या छत्राची घनता किमान दहा टक्के आहे, तो तुकडा वनाच्छादनात धरला जातो. जमीन कोणाची, झाड कोणते, लावलेले की आपोआप आलेले, याने काहीही फरक पडत नाही. त्यामुळे रत्नागिरीतील हापूसची बाग, काजूची लागवड आणि दोडामार्ग परिसरातील रबर ही सर्व वनाच्छादनात मोडू शकतात. आपल्या परिसरातील ऐन, किंजळ आणि जांभळाचे खासगी रान कोळशासाठी किंवा वीटभट्टीसाठी तुटले आणि त्याच तालुक्यात काजूची बाग दाट झाली, तर बेरीज-वजाबाकीनंतर अहवालात शून्य बदल दिसेल, कदाचित वाढही दिसेल.

याच्या उलट बाजूही आहे, आणि तिचा उल्लेख फारसा होत नाही. कायद्याने ‘वन’ म्हणून नोंदलेली जमीन महाराष्ट्राच्या सुमारे वीस टक्के आहे, तर वनाच्छादन साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सातबाऱ्यावर वन असलेल्या कितीतरी जमिनीवर झाडेच नाहीत, आणि विदर्भातील ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनींचे वाद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात वनाचा शब्दकोशातील अर्थ प्रमाण मानला, तेव्हापासून वन म्हणजे काय या प्रश्नाची कागदावरील, जमिनीवरील आणि उपग्रहातील अशी तीन उत्तरे देशात एकाच वेळी नांदत आहेत. माझ्या मते अहवालातील एकूण टक्केवारीपेक्षा जिल्हावार घनदाट वनाचा तक्ता आपण पाहावा. कोकणाचे चित्र त्यात अधिक खरे उतरते.

प्रश्न : दरवर्षी कोट्यवधी रोपे लावल्याच्या बातम्या येतात. मग ती जातात कुठे? (पुणे)

उत्तर : 1950 मध्ये तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून रोपांची संख्या हेच यशाचे माप झाले आहे. महाराष्ट्राने 2017 ते 2019 या तीन पावसाळ्यांसाठी अनुक्रमे चार, तेरा आणि तेहतीस कोटी असे लक्ष्य ठेवले होते. वाढत्या संख्येत उत्साह होता, यात शंका नाही. परंतु रोपवाटिकेची तयारी आदल्या हिवाळ्यात, खड्डे एप्रिल-मेमध्ये आणि लागवड पहिल्या दमदार पावसानंतर, असे झाडाचे वेळापत्रक असते, आणि आर्थिक वर्ष 31 मार्चला संपून नवे अनुदान हाती येईपर्यंत बहुधा खड्ड्यांचा हंगाम उलटून गेलेला असतो. त्यापुढील तीन वर्षांची निगा म्हणजे निंदणी, पाणी, आळीकरण, आग आणि गुरांपासून राखण. तिच्यासाठी पैसा थोडा आणि छायाचित्रकार कोणीच नाही. आमच्या शाळेत दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लागत असे आणि आम्हा मुलांना ते झाड दरवर्षी लहान कसे होते याचे कुतूहल वाटत असे.

प्रश्न : मेंढा (लेखा) या गावाचे नाव फार ऐकतो. एका छोट्या गावाचा राष्ट्रीय नियोजनाशी काय संबंध? (ठाणे)

उत्तर : संबंध आहे, आणि तो थोडा मागून सांगावा लागेल. पश्चिम बंगालमधील आराबारी येथे 1972 पासून एका वनाधिकाऱ्याने अकरा गावांच्या मदतीने सुमारे 1,270 हेक्टर उजाड सालवन राखून दाखवले. गावकऱ्यांना रोजगार, गौण वनउपज आणि अंतिम उत्पन्नाचा चौथा हिस्सा, एवढाच सौदा होता. सालाचे खुंट जिवंत होते, त्यांना राखण मिळताच जंगल परत आले. 1 जून 1990 च्या केंद्रीय परिपत्रकाने याच धर्तीवर संयुक्त वन व्यवस्थापन देशभर नेले आणि पुढे एक लाखाहून अधिक समित्या नोंदल्या गेल्या. परंतु समितीचा सचिव बहुधा वनखात्याचाच माणूस, आणि परिपत्रकाने दिलेला हक्क दुसऱ्या परिपत्रकाने काढून घेता येतो.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांबरोबर ग्रामसभेने 1980 च्या दशकापासून सर्वसहमतीने कारभार चालवला होता. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली. 2006 चा वनहक्क कायदा अमलात आल्यावर 2009 मध्ये या गावाला आणि शेजारच्या मर्दा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. देशातील पहिल्या अशा गावांत त्यांची गणना होते. मेंढ्याकडे सुमारे 1,800 हेक्टर जंगल आले. हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडेच होता, आणि बांबू हे गवत की झाड यावर सरकारदरबारी काथ्याकूट चालू होता. अखेर एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली.

आता नियोजनाचा संबंध पाहावा. याच गडचिरोली-चंद्रपूरच्या बांबूवर कागद उद्योग कित्येक दशके चालला, त्या काळात बांबू हा योजनेतील ‘कच्चा माल’ होता. त्याच बांबूचा भाव ठरवणारा जेव्हा गावातील माणूस झाला, तेव्हा कोणते बेट किती तोडायचे आणि कोणते राखायचे याचा निर्णयही तेथेच होऊ लागला. पुढील काही वर्षांत जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः केले; सगळ्यांचे व्यवहार चोख झाले असे नाही, ठेकेदारांनी काही ठिकाणी थकबाकीही ठेवली. परंतु साठ वर्षांत सरकारला जे जमले नाही, म्हणजे वनाच्या उत्पन्नाचा मोठा भाग वनातच राहणे, ते येथे प्रत्यक्ष झाले. वनांच्या विकासाचा विचार करताना किती हेक्टर वाढले याआधी उत्पन्न कोणाच्या घरी गेले, हे विचारावे असे माझे मत आहे, आणि ते बऱ्याच अंशी या गावाने बनवलेले आहे.

प्रश्न : आता नियोजन आयोग नाही, पंचवार्षिक योजना नाहीत. मग वनांचे नियोजन कोण करते, आणि पैसा कुठून येतो? (स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी वाचक, अमरावती)

उत्तर : 1 जानेवारी 2015 पासून नीती आयोग आला, त्याच्याकडे पैसे वाटण्याचा अधिकार नाही. बारावी योजना 2017 मध्ये संपली, ती शेवटची. आता वनांना तीन मुख्य वाटांनी पैसा मिळतो. राज्यांचा स्वतःचा अर्थसंकल्प ही पहिली. वित्त आयोग ही दुसरी. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या वाटपात वनाच्छादनाला साडेसात टक्के आणि पंधराव्याने वने व पर्यावरणाला दहा टक्के भारांक दिला. ही रक्कम वनांमुळे मिळते, पण ती वनांवरच खर्च करण्याचे बंधन राज्यावर नाही. परीक्षेच्या दृष्टीने हा बारकावा आपण लक्षात ठेवावा.

तिसरी वाट भरपाई वनीकरणाची. वनजमीन वळवणाऱ्याने पर्यायी लागवडीचा खर्च आणि वनाचे निव्वळ वर्तमान मूल्य (ते वन राहिले असते तर पुढे मिळणाऱ्या लाभांची आजची किंमत) भरायचे असते. 2016 च्या कायद्याने या निधीची व्यवस्था लावली आणि ऑगस्ट 2019 मध्ये साचलेल्या रकमेपैकी 47,436 कोटी रुपये राज्यांकडे गेले. एखाद्या पंचवार्षिक योजनेने वनांना एकरकमी एवढा पैसा दिल्याचे उदाहरण नाही. मात्र या निधीचा झरा कुठून वाहतो ते पाहिले की मन थोडे खट्टू होते. जंगल जितके अधिक तुटेल तितका तो भरतो. 2030 पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषण्याइतकी अतिरिक्त झाडी उभी करण्याचे आंतरराष्ट्रीय वचन भारताने दिले आहे. त्यामुळे हेक्टर आणि रोपे यांच्या जोडीला आता टन हे तिसरे माप आले आहे.

प्रश्न : योजना आखून वने वाढवल्याचे एखादे यशस्वी उदाहरण जगात आहे का? (बेळगाव)

उत्तर : दक्षिण कोरियाचे आहे. युद्धानंतर तेथील डोंगर अक्षरशः उघडे पडले होते. 1973 मध्ये दहा वर्षांची पहिली वनयोजना सुरू झाली आणि सुमारे दहा लाख हेक्टर लागवडीचे तिचे लक्ष्य 1978 मध्येच पूर्ण झाले. 1970 च्या दशकाच्या प्रारंभी तेथील वनांत हेक्टरी सुमारे 11 घनमीटर लाकूड होते, आज ते दीडशेच्या वर आहे. यात सरकारी धाकदपटशाचा भाग मोठा होता, तेव्हा तेथे लोकशाही नव्हती. तरी आपल्याला घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. घरे उबदार ठेवण्यासाठी जळणारा पालापाचोळा आणि लाकूड यांऐवजी दगडी कोळशाच्या वड्या घरोघर पोहोचवल्या गेल्या आणि आरंभी गावाजवळ जळणाचीच झाडे लावली गेली. चूल आधी हाताळली गेली, डोंगराचा क्रम नंतर लागला.

प्रश्न : माझ्याकडे तीन एकर हलकी जमीन आहे. बांधावर साग लावावा की बांबू? साग वीस वर्षांत लखपती करतो, अशी जाहिरात वडिलांनी एकदा जपून ठेवली होती. (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ती जाहिरात बहुधा 1990 च्या दशकातील असावी. त्या वेळी सागाच्या रोपांवर भरमसाट परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या अनेक कंपन्या निघाल्या आणि गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन बुडाल्या. वीस वर्षांच्या सागात गाभ्याचे पक्के लाकूड थोडे असते, त्यामुळे जुन्या रोपवनातील सागाचा भाव त्याला मिळत नाही. हलक्या, मुरमाड जमिनीत पाणी न तुंबणारा बांध असेल तर साग लावण्यास हरकत नाही, परंतु तो मुलाच्या शिक्षणासाठी न धरता नातवाच्या घराच्या दारखिडक्यांसाठी धरावा. आपल्या शेतातील साग तोडण्यासाठीही 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी लागते. म्हणून लावल्यापासूनच सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्यावी. पुढे मालकीचा वाद निघाल्यास हाच कागद उपयोगी पडतो. बांबूची गोष्ट सोपी झाली आहे. 2017 मधील दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. चौथ्या-पाचव्या वर्षापासून बेटातून काठ्या मिळू लागतात. दरवर्षी फक्त तीन वर्षांवरील काठ्या काढाव्यात, कोवळ्या कोंबांना हात लावू नये. लागवडीपूर्वी आपल्या तालुक्यात काठी विकत घेणारा कोण आहे आणि त्याला कोणती जात हवी आहे, ते प्रत्यक्ष भेटून विचारावे. मंडप आणि मचाण बांधणाऱ्याला लागणारी काठी एक असते आणि अगरबत्तीच्या कारखान्याला लागणारी दुसरी.